दुखण्याचं कार्ड

आईचे शब्द गेले तेव्हा डॉक्टरांनी चित्रांची कार्डं वापरायला सांगितलं. पाणी, चहा, संडास, पंखा आणि एक रडका चेहरा, म्हणजे दुखतंय. आईने पहिल्यांदा चहावर बोट ठेवलं तेव्हा माझी धाकटी बहीण आनंदाने रडलीच.

पण पुढे आई दिवसभर त्या रडक्या चेहऱ्यावरच बोट ठेवू लागली. तपासण्या केल्या, काही निघालं नाही. "कुठे दुखतंय, आई?" विचारलं की ती तिथेच बोट आपटायची. एका दुपारी वैतागून मी ते कार्ड कपाटात टाकलं.

"ताई, काय करतेस?"

"तिला कळणारसुद्धा नाही गं."

तिला कळलं. तिने उरलेली कार्डं एकेक करून उलटून पाहिली, पुन्हा पाहिली. वाकून खुर्चीखालीही शोधलं. समोरच्याने बोलावं असं आपल्याला वाटतं खरं, पण आपल्याला देता येईल तेवढंच त्याने मागावं, अशी आपली अट असते.

शेवटी आईने पाण्यावर बोट ठेवलं. मी लगबगीने पेला भरून आणला. तहान तिला नव्हतीच. तरी माझ्याकडे बघत तिने तो पूर्ण संपवला.