एका दिवसाची घासाघीस

डिसेंबरात कुणाच्या घरून करंज्या तळण्याचा वास आला की मला अजूनही एका जागी बसवत नाही. उगाच फाटकापर्यंत जाऊन येतो.

आमचं रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा पुण्यात नोकरीला. नाताळच्या आठवडाभर आधी त्याचा फोन आला. मी म्हटलं, "चार दिवस ये." तो म्हणाला, "पापा, छुट्टी नहीं है. एक दिन के लिए आऊंगा."

इथल्या भनपुरीच्या बाजारात जुनं लोखंड घेण्याविकण्यात माझं आयुष्य गेलं. पहिल्याच भावाला हो म्हणणं मला जमत नाही. "एका दिवसासाठी काहून येतं? येऊच नको," म्हणालो आणि फोन ठेवला. आपण पाठ फिरवली की समोरचा हाक मारतोच, हा माझा अनुभव.

त्यानं हाक मारली नाही.

नाताळच्या सकाळी चर्चमधून आलो, तर ताटभर करंज्या आणि खायला आम्ही दोघंच. मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो.

"बसा ना जी," बायको म्हणाली. "पोट्टा आहे तो आपला, गिऱ्हाईक नाही."

दुपारी फोन वाजला. तिनं उचलला. घर इतकं शांत होतं की मुलाचं बोलणं मला दारातूनही ऐकू आलं. "पापा कहाँ हैं?"

तिनं रिसीव्हर माझ्याकडे धरला. मी मानेनंच नाही म्हटलं.

"बाहेर गेले," ती त्याला म्हणाली.

त्यानं निदान दोन दिवस म्हणायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण एक दिवस तर तो देतच होता.