स्वभावाची उत्तरसूची

लातूरला नीटची तयारी करताना एक गोष्ट आमच्या अंगात मुरली होती. प्रश्न कोणताही असो, चारपैकी एक पर्याय बरोबर असतो. दुसऱ्या वेळीही माझे मार्क एमबीबीएसला पुरणार नाहीत हे कळलं, आणि क्लासने आमच्यासारख्या उरलेल्या मुलांना बोलावून चाळीस प्रश्नांचा एक कागद दिला, तेव्हा आम्ही तोही त्याच सवयीने सोडवला.

कागदावर 'स्वभाव चाचणी' असं छापलेलं होतं. डॉक्टर होणं जमलं नाही तरी दवाखान्यातलं दुसरं कोणतं काम कुणाला जमेल, हे त्यावरून सांगणार होते. सूचना वाचून होताच मागून एकाने विचारलं, "सर, मायनस मार्किंग आहे का?" सर हसले. यात चूक-बरोबर काही नसतं, जे वाटतं ते लिहा आणि उद्या आणून द्या, असं म्हणाले. आमचा कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. चूक-बरोबर नसेल तर कागद परत कशाला घेतील?

माझ्या खोलीत राहणारा मुलगा देवणीकडचा होता, आमच्यात सगळ्यात हुशार. त्याने अर्ध्या तासात उत्तरसूची तयार केली. त्याचा हिशोब सोपा होता. दवाखान्याला कसला माणूस हवा असेल, ते ओळखायचं. अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का? नेहमी. गोंधळ झाला तर पुढाकार घेता का? नेहमी. सगळीकडे 'नेहमी' लिहिलं तर संशय येईल म्हणून सहा ठिकाणी 'कधीकधी' टाकायचं, तेही कुठे कुठे हे त्याने ठरवून दिलं. अनोळखी माणसांच्या प्रश्नावर माझा पेन 'क्वचित'वर थांबला होता. एसटीत पुढच्या माणसाला जरा सरका म्हणता आलं नाही, म्हणून मी एकदा रेणापूरचा स्टॉप सोडून पुढच्या गावाला उतरलो होतो. त्याने माझ्या कागदात डोकावून पाहिलं. "तुला काय मेंढरं राखायची हायत का? टाक नेहमी."

मी टाकलं.

आठवड्याने रंगीत अहवाल मिळाला. बोलका, धीट, सेवाभावी. योग्य क्षेत्र, नर्सिंग. खोलीतल्या सहाही जणांना तेच आलं होतं, पण सगळ्यांचं सारखंच आलं हे घरी कुणी सांगितलं नाही. मीही नाही. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, सातवीपर्यंत शिकलेले. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यांनी अहवाल लॅमिनेट करून आणला आणि गावात चार जणांना दाखवला. एका म्हाताऱ्याने, यात लग्नाचं काय लिहिलंय का, असंही विचारलं. एवढी वर्षं पोरगा घुमा आहे असं दादांना वाटत होतं, आणि शिकलेल्या माणसांनी तपासून वेगळंच सांगितलं, याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता. मला नांदेडला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला.

पुस्तकं मला जमली. पलंगाची चादर ताणून घालणं, ताप-नाडी लिहिणं, सलाईनचे थेंब मोजणं हेही जमलं. माणूस समोर आला की जमायचं नाही. राउंडच्या वेळी वॉर्डातले नातेवाईक बाहेर काढायचं काम आम्हा विद्यार्थ्यांकडे असे. मी पलंगांच्या मध्ये जाऊन उभा राहायचो. पेशंटजवळ बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "नवे दिसता ब्रदर. उभं का, टेका की हितं," आणि सरकून त्यांनी मला जागा करून दिली. सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो.

मग ती मंगळवारची सकाळ आली. भोकरकडच्या एका आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्यांचा मुलगा हैदराबादला गाडीवर ड्रायव्हर, चार दिवसांची सुट्टी काढून आलेला. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरनी मला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं होतं, की आजोबांना रात्री बारानंतर पाणीसुद्धा द्यायचं नाही हे त्यांच्या माणसांना समजावून सांग. मी सांगितलं. सकाळी मी वॉर्डात शिरलो तेव्हा आजी बशीत चहा ओतत होत्या. मी म्हणालो, आजी, चहा नाही द्यायचा.

"अहो घोटभर च्या हाय ब्रदर. पोटात आग पडून राहिली त्येंच्या."

पोटात काही असलं आणि भूल दिली तर उलटी छातीत जाऊन माणूस दगावू शकतो, हे मला माहीत होतं. पेपरात मी ते पाच मुद्द्यांत लिहिलं असतं. बशी आजोबांच्या तोंडाला लागेपर्यंत माझ्याकडे वेळही होता. बशी हातातून घ्यायची, नाहीतर ओरडायचं. मी पुन्हा एकदा म्हणालो, नाही द्यायचा आजी, आणि ते बहुतेक फक्त मला ऐकू आलं. आजोबांनी बशी रिकामी केली. मी पळत जाऊन सिस्टरना तरी सांगायला हवं होतं. तेही केलं नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आजोबांनीच खरं ते सांगून टाकलं. ऑपरेशन रद्द झालं. पुढची पाळी पुढच्या मंगळवारी. मुलगा जिन्यात बसून मालकाला फोन करत होता, सुट्टी वाढवून मिळत नव्हती. सिस्टर आजींवर चिडल्या. ब्रदरनी सांगितलं नव्हतं का, असं विचारलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलं व्हतं. म्याच ऐकलं न्हाई."

मी तिथेच उभा होतो.

आमच्याच कॉलेजात लॅब टेक्निशियनचा कोर्स आहे. त्यात दोन जागा रिकाम्या असल्याची नोटीस लागली होती. अर्ज पुढच्या मंगळवारी पाच वाजेपर्यंत द्यायचा, सोबत पालकांचं सहीचं पत्र. रक्ताच्या नळीला काही समजावून सांगावं लागत नाही, हे मी मनाशी घोकत होतो. दादांना फोन केला. नर्सिंग मला जमत नाही म्हणालो. त्यांनी शांतपणे अहवालाची आठवण करून दिली. तेव्हा मला उत्तरसूचीचं सांगावं लागलं.

दादा म्हणाले, "मंग ती उत्तरं कुणाची व्हती?"

"सगळ्यायचीच, दादा."

"आन् तुझी काय व्हती?"

एक 'क्वचित' सोडलं तर बाकी एकोणचाळीस प्रश्न मी नीट वाचलेच नव्हते.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी गावातला एकजण कामासाठी नांदेडला आला, त्याच्याबरोबर त्यांनी एक पाकीट पाठवलं. आत कोरा कागद, खाली त्यांची सही. आम्हाला त्यातलं कळत नाही, वरचं तू लिही, असा निरोप होता. मी तो कागद तीन दिवस समोर घेऊन बसलो. लॅब मला आवडते म्हणून लिहायचं, की माणसांची भीती वाटते म्हणून? माझा स्वभाव लॅबचा आहे, हे तरी मला कुठे माहीत होतं?

मंगळवारी तो कोराच कागद खिशात घालून मी सकाळी सहालाच वॉर्डात गेलो आणि आजोबांच्या पलंगापाशी उभा राहिलो. मुलगा हैदराबादला परत गेला होता. आजींनी विचारलं, काय पायजे ब्रदर? काही नाही, म्हणालो. त्या थर्मासकडे वळल्या की मी त्यांच्या आणि थर्मासच्या मध्ये यायचो. तेवढंच मला सुचत होतं. आजी म्हणाल्या, "न्हाई देत बाबा. बस तरी." मी बसलो नाही. ऑपरेशनची यादी लांबत गेली, आजोबांना दोनच्या पुढे आत नेलं. ऑपरेशन नीट झालं. त्यांना बाहेर आणेपर्यंत मी दारापाशीच होतो.

सिस्टरनी हे सगळं पाहिलं होतं. त्या रागावल्या नाहीत. "चाळीस पेशंट आहेत आपल्याकडे. किती जणांजवळ उभा राहशील?" एवढंच त्यांनी विचारलं. कॉलेजच्या ऑफिसात पोहोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. क्लार्क म्हणाले, अर्जांची यादी वर गेली. मी हुज्जत घातली नाही. हुज्जत घालता आली असती तर लॅबची गरजच पडली नसती.

संध्याकाळी सिस्टरनी उद्याच्या ऑपरेशनची यादी माझ्या हातात दिली. सात नावं. प्रत्येकाला रात्री बारानंतर काही घ्यायचं नाही असं सांगून ये, आणि त्यांनी कबूल केल्याशिवाय पुढच्या पलंगाकडे जाऊ नको, म्हणाल्या. पहिल्या पलंगावर एक बाई नवऱ्याला केळं सोलून देत होत्या. बारा वाजायला अजून पुष्कळ वेळ होता, त्यात काही चूक नव्हती. मी यादीतलं नाव मोठ्याने वाचलं. पुढचं वाक्य मनात जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी अर्धं केळं मोडून माझ्यापुढे धरलं.

मी ते घेतलं, पण पुढच्या पलंगाकडे गेलो नाही.