नाही म्हणायचं नाही

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघानं नगरला जायचं ठरवलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि जगाचं भलं माझ्यावाचून अडलंय अशी माझी पक्की समजूत होती. आमचं गाव अकोले तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. दुष्काळ आम्हालाही होता, पण कसाबसा भात झाला होता. जामखेडकडचं आम्ही फक्त ऐकत होतो. तिकडची माणसं गावं सोडून नगरच्या कडेला पाल ठोकून राहिली होती. त्यांच्या वस्तीत दहा दिवस जायचं, दिवसा गटारं खणायची, पोरांना अक्षरं शिकवायची आणि मुक्काम एकेकानं एकेका घरात करायचा, असा बेत होता.

निघण्याआधी पाळकसाहेबांनी दोन नियम घालून दिले. पहिला, बरोबर काही न्यायचं नाही. आदल्या खेपेला धान्याची पोती नेली होती, तर वाटपात डोकी फुटली आणि आम्ही दाते होऊन परत आलो, याची त्यांना लाज वाटत होती. दुसरा नियम, घरात जे पुढ्यात येईल ते खायचं, नाही म्हणायचं नाही. कोण कुणाच्या हातचं खातं यावरून आपल्या आजा-पणजांनी काय काय सोसलंय, तेव्हा आपल्या तोंडून ‘नको’ निघता कामा नये, असं ते म्हणाले. माझ्या पणजोबांचं घर गावकुसाबाहेर होतं. मी सगळ्यांत जोरात मान डोलावली.

मला जे घर मिळालं ते जामखेडकडच्या एका शेतकऱ्याचं. नवरा-बायको आणि चार महिन्यांची मुलगी. गावी त्यांची चांगली जमीन होती, विहीर होती. विहीर आटली, एक बैल मेला, एक चाऱ्याच्या छावणीत होता. नवरा बाजारात हमाली करायचा. पाळकसाहेब महिन्यापूर्वी विचारायला आले तेव्हा त्याला काम होतं आणि एक पोरगी अशी किती खाणार, असं म्हणून त्यानं आनंदानं होकार दिला होता. मी पोचेपर्यंत बाजारात उतरवायला माल उरला नव्हता. हे नवरा-बायकोनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शब्द दिल्यावर मागं फिरल्यासारखं झालं असतं.

त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. ती माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठी असेल, पण बोलणं असं की वाड्यावस्तीवरची कर्ती बाई. पहिल्या दिवशी तिनं मला आपल्या घरच्या पितळीत जेवायला वाढलं. माझी जात कुठली, हे तिला माहीत होतं आणि तरी वाढलं, याचं मला इतकं भरून आलं की मी रेशनवरच्या मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची, भाकरी मिरचीच्या गोळ्याशी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. तुम्हीही बसा म्हटलं, तर म्हणाली की मी मागनं जेवते. आमच्याकडेही बायका मागूनच जेवतात. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. दोन्ही वेळा असं, तीन दिवस चाललं. भाकरी छान झालीय असंही मी म्हणायचे. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

चौथ्या दिवशी गटारात पायाला काच लागली म्हणून मी दुपारीच परतले. वहिनी पालात पाठमोरी बसली होती. पीठ मळलेल्या परातीत तिनं पाणी घातलं, बोटांनी कडा खरवडल्या आणि ते तांबूस पाणी परात तोंडाला लावून प्यायली. मांडीवर मुलगी होती. ती छातीला तोंड लावायची, ओढायची, सोडायची आणि रडायची. मला पाहून वहिनीनं परात उपडी घातली. “परात धूत हुते,” म्हणाली.

मी नळावर गेले. शेजारच्या पालातल्या म्हातारीनं मला न्याहाळलं आणि काही न विचारता सांगितलं, की तू आल्यापासून तिची चूल तुझ्यापुरतीच पेटतीय. तुझी एक भाकरी, नवऱ्याची अर्धी. दूध आटत चाललंय, लेकरू काही तगायचं नाही अशानं.

मी उलटी काढायचा प्रयत्न केला. बोटं घालून. काही उपयोग नव्हता, पण केला.

त्या संध्याकाळी भूक नाही म्हणून सांगितलं. वहिनीनं पितळी झाकून ठेवली. स्वतः खाल्लं नाही, नवऱ्यालाही खाऊ दिलं नाही. पाहुणी उपाशी असताना घरच्यांनी जेवायचं नसतं, एवढंच म्हणाली. सकाळी तीच भाकरी माझ्यापुढं. मी अर्धी खाऊन अर्धी ठेवली, तर ती अर्धी संध्याकाळी परत माझ्यापुढं. एसटीच्या पैशांतून पीठ घेऊन आले, तर तिनं ते माझ्या पिशवीत घालून वर गाठ मारली. “पाव्हन्याचं पीठ पाव्हन्याला रांधून घालायचं? आमी अजून इतकं खाली न्हाई आलो, बाई.” हसून म्हणाली, पण त्या हसण्यापुढं माझं काही चालेना.

मग पाळकसाहेबांकडे गेले. दुसऱ्या घरी हलवा म्हटलं. हलवलं तर सगळ्या वस्तीत तिची शोभा होईल, असं ते म्हणाले. बरं, ते स्वतः येऊन बोलले तर? तर ती खोटं बोलेल आणि दुसऱ्या दिवशी माझ्या भाकरीवर तेलाची धारही सोडेल. त्यांनाही ते कळत होतं. एक दिवस दे, मी काहीतरी बघतो, म्हणाले. वाईट माणूस नव्हते ते. पण मला त्यांचा इतका राग आला की दाराशी मी पाय आपटला, काच लागलेलाच पाय, आणि कळ डोक्यात गेली.

एक दिवस कुठून आणायचा होता? मुलगी आता मोठ्यानं रडत नव्हती. तोंड उघडायची, मान वळवायची, बारीकसा आवाज यायचा आणि दमून झोपायची. तिच्या रडण्यानं मी वैतागले होते. आता तिनं रडावं म्हणून मी कान लावून बसायचे. प्रार्थना केली, पण शब्द सुचेनात. एकच कळत होतं, मी या घरात पाहुणी आहे तोवर ही बाई जेवणार नाही. न सांगता निघून गेले असते तरी माझी भाकरी झाकून ती वाट पाहत बसली असती.

सहाव्या दिवशी सकाळी नवरा बाजाराकडे गेला. वहिनीनं पितळी पुढं सरकवली. मी मांडी घातली नाही. उभ्यानंच म्हणाले, “मला तुमच्या हातचं चालत नाही.”

तिला कळलंच नाही आधी. मी पुन्हा सांगितलं, जास्त कठोरपणे. आमच्यात स्वच्छता असते, म्हणाले. इथं माझ्या घशाखाली उतरत नाही, म्हणाले. माझ्या पणजीला गावात जे ऐकावं लागलं असेल ते सगळं मी कुठून कुठून गोळा करून तिच्या अंगावर टाकलं. जीभ अडखळली नाही. तेच मला सगळ्यांत भयंकर वाटतं.

वहिनीचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघताना प्रथमच तिच्या नजरेत मला माझी जात दिसली, आणि ती तिथं मीच नेऊन ठेवली होती. इतके दिवस ती मला अहो-जाहो करत होती. आता हळू आवाजात म्हणाली, “मग इतके दिस का खाल्लंस?”

मी पिशवी उचलली.

मग तिनं पितळी स्वतःकडे ओढली, माझ्याकडे पाठ केली, मुलीला पदराखाली घेतलं आणि भाकरी मोडून खायला लागली. भराभर, मिरचीला हात न लावता, पाण्याला न थांबता. पिशवी हातात होती, तरी शेवटचा घास जाईपर्यंत मी हललेच नाही. त्या घरात तिला जेवताना मी तेवढं एकदाच पाहिलं.