हरसूलच्या पंगतीत जिंकलेली मॅच

सीबीएस स्टँडवरून सकाळची हरसूल एसटी पकडली. बरोबर अकरा पोरं, एक फुटबॉल आणि हेडमास्तरांची धमकी: "या वेळी हरलात तर मैदान क्रिकेटला." मी शाळेचा शिपाई, चौथी पास. बावीस वर्षं फुटबॉल शिकवतोय, कारण दुसरं कोणी शिकवेना. बायको जाऊन चार महिने झाले होते. मैदानही गेलं तर संध्याकाळी जाऊ कुठं?

गिरणारे मागे पडलं, घाट लागला. आमचा गोलकीपर दोनदा ओकला. म्हटलं, "बरं झालं, हलका झालास."

हरसूलचं मैदान म्हणजे उतरता माळ. पण खेळाआधी पंगत! नागलीच्या (नाचणीच्या) भाकरी अन् उडदाचं घट्ट वरण. त्यांचे कोच धवळूमास्तर, माझ्याच वयाचे.

"पाहुण्याला उपाशी खेळवायची आमच्यात रीत नाय."

म्हातारा गालात हसत होता. त्याची पोरं लांब उभी, रिकाम्या पोटी. डाव कळला. नको म्हणावं तर अन्नाचा अपमान.

मी उठलो. "मास्तर, यजमानाशिवाय आम्हाला घास उतरत नाही. बसवा तुमची पोरं. मी वाढतो."

"अवो, तुम्ही पाहुणे..."

"मग पाहुण्याचं ऐका."

टोपली घेतली. आग्रह मी बायकोकडून शिकलो. ताटावर आडवा हात धरला तरी ती बोटांच्या फटीतून वाढायची. हरसूलचं पोरगं नको म्हणालं की मी म्हणायचो, "माझी मंडळी वारली रे. तिच्या नावानं एक घे." कोण नाही म्हणेल? आमच्या पोरांना मात्र अर्धीवरच डोळे वटारले.

मास्तर म्हणाले, "लय बेरकी हाय तुम्ही."

"शिक्षण कमी पडलं, मास्तर."

त्यांची पोरं खेळली नाहीत, फिरली. तरी शेवटापर्यंत गोल होईना. मग आमच्या एकानं वरच्या अंगानं लाथ घातली आणि चेंडू घरंगळत निघाला. त्यांचा गोलकीपर वाकला, पण पोट आडवं आलं. एक-शून्य.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी तोंड कडू करून मैदान ठेवलं.

पण त्याआधी, परतीच्या एसटीत पोरं बोंबलत गात होती. मी खिडकीशी टेकलो होतो. लबाडीची लाज नव्हती वाटत. चार महिन्यांत तिच्याबद्दल मी कोणाशी बोललो नव्हतो, आणि बोललो तेही समोरच्याचं पोट फुगवायला. पहिल्या ताटापाशी ती लबाडीच होती. सहाव्या ताटापाशी माझा आवाज चिरकला. त्या पोरानं वर पाहिलं, ताटावरचा हात काढला, आणि मी आग्रह न करता म्हणालं, "बाबा, अजून एक वाढा."