चाकाच्या खिडकीचं घर

भूत, करणी, अंगात येणं... हे शब्द आमच्या घरात उच्चारायचीही सोय नव्हती. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आमचं. पोरगं तापलं तर अंगारा नाही, सरळ दवाखाना. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचले आणि कपाबरोबरच खाली ठेवले. आज स्वतः लिहायला बसलोय, तेही फार हौसेनं नाही. पाच-सहा जणांना हे सांगून झालं. निम्मे म्हणाले योगायोग, निम्मे म्हणाले शांती करून घ्या. दोन्ही ऐकून कंटाळलो. एकदा लिहून टाकतो, म्हणजे सुटलो.

मी परभणीत ड्रॉइंग मास्तर. व्यसन एकच — जुनी निसर्गचित्रं आणि मोजक्याच प्रती छापलेली जुनी चित्रांची पुस्तकं. लिमिटेड एडिशन म्हणतात ती. मराठवाड्यात असलं काय मिळणार, असं पुण्याकडच्यांना वाटतं. पण निजामाच्या वेळचे अंमलदार हौशी होते. त्यांची घरं मोडली, नातवंडं हैदराबादला गेली आणि भिंतीवरची चित्रं सेलू-मानवतच्या भंगारवाल्यांकडे येऊन पडली. माझे रविवार तिथेच जायचे. बायको म्हणायची, "भिंती चित्रांनी झाकल्या म्हणून गळायच्या थांबत नाहीत." बरोबरच होतं तिचं.

लँडस्केपच का, असं लोक विचारतात. सांगायला प्रकाश, अवकाश वगैरे उत्तरं आहेत. खरं उत्तर असं की त्यांत माणसं नसतात. माणसांचा मला वीट आला होता.

त्याचं कारण सांगणं भाग आहे. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि पूर्णेकाठच्या आमच्या गावात आमची वस्ती पेटवली. गावाचं नाव लिहीत नाही, आमची काही माणसं अजून तिथं राहतात. तिन्हीसांजेची वेळ होती. मी आजारी बापाला ओढत ओढ्यात उतरलो, मागून माय आली. लव्हाळ्यात, चिखलात पडून आम्ही तिघांनी आपलं घर जळताना पाहिलं. एका खोलीचं घर, पण गावात माहीत असलेलं. खिडकीला गज घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून बापानं मोडक्या बैलगाडीचं चाक भिंतीत बसवलं होतं. लोक चेष्टेनं 'चाकाचं घर' म्हणायचे. बाप ती चेष्टा कौतुकासारखी घ्यायचा.

दारासमोर लिंबाखाली कबरी बांधलेली असायची. कबरी म्हणजे आमची शेळी.

परभणीला आल्यावर मायनं घराबद्दल चकार शब्द काढला नाही. भांड्यांबद्दल नाही, धान्याबद्दल नाही. तिचा प्रश्न एकच. "म्या कबरीची दोरी कापली का न्हाई?" विळा हातात होता हे तिला आठवायचं, खुंट्यापाशी वाकल्याचं आठवायचं... पुढचं नाही. मी तर मागं बघितलंच नव्हतं. बाप म्हणायचा, "कापलीस गं, म्या बघितलं." ती म्हणायची, "तुमाला तवा धड दिसत तरी व्हतं का?"

बाप गेला, प्रश्न राहिला. जेवता जेवता घास हातात तसाच राहायचा. "मुकं जनावर बांधून ठिवलं आन् आपला जीव घिऊन पळाले म्या." शेळीचं काय एवढं, असं ज्यांना वाटतंय त्यांनी पुढं वाचू नये. दहा वर्षं ती धड झोपली नाही, आणि तिच्यामुळे आम्हीही नाही. मला तिची कीव यायची, आणि कधीकधी संतापही. खोटं कशाला बोलू.

तर... एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सेलूच्या भंगारवाल्याकडे एक मोठं पुस्तक मिळालं. पूर्णा-दुधनेच्या काठची दृश्यं, दगडावरून छापलेली. लिथोग्राफ. पुठ्ठा गेलेला, पानं सुटलेली, मागं पेन्सिलीनं प्रतीचा नंबर. कागद आणि छपाई बघता माझ्या बापाच्या जन्माआधीचं. घरी आणून मऊ फडक्यानं एकेक पान पुसत बसलो. एका पानावर हात थांबला.

खाली लव्हाळा, मग ओढा, पलीकडे लिंब आणि उतार. उतारावर एक खोली. खोलीच्या भिंतीत बैलगाडीचं चाक.

मी पान पालथं घातलं. उठून माठातलं पाणी प्यालो. परत बघितलं. चाक होतंच. आमच्या चाकाचा एक आरा तुटलेला होता, तो याही चाकात तुटलेलाच.

मायला दाखवायचं नाही असं ठरवलं. उगाच खपली कशाला काढा? पण मीच रोज ते पान काढून बघायचो, आणि दोन खोल्यांच्या घरात काय लपून राहतंय. एका दुपारी ती माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"हे कुणी काढलंय?"

"माहीत नाही माय. जुनं पुस्तक आहे."

ती खाली बसली. मला वाटलं, रडेल. रडली नाही. बाजारात वस्तू पारखावी तसं तिनं चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं.

"खुटा मोकळा हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "कबरी हिथं हाय की."

"कुठं?"

"वढ्याच्या अल्याड. डोळे फुटले का तुझे?"

ज्याला मी इतके दिवस दगड समजत होतो, ती शेळी होती. गळ्यात दोरीचा तुकडा लोंबत होता.

"कापली व्हती म्या," माय म्हणाली. "मिलिंद, कापली व्हती."

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. "माय, हे पुस्तक कबरीच्याच काय, आपल्या घराच्याही आधीचं आहे. हे आपलं घर असूच शकत नाही." ती ऐकतच नव्हती. मी वैतागलो. "बरं, आपलं घर आहे ना? मग आपण कुठंय यात? एक माणूस तरी दिसतोय का?"

तिनं लव्हाळ्यावर बोट ठेवलं. "आपण हिथं हाव. हिथून बघायलोत नं. आपण कसं दिसू?"

त्या रात्री माय घोरली. मी आणि बायको मात्र जागेच.

सेलूत कापसाच्या जिनिंगवर मुनशी असलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्यासारखेच या नादातले. त्यांना सगळे मुनशीचाचा म्हणतात. याच पुस्तकाची एक प्रत त्यांच्याकडे आहे, हे मला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी माझी प्रत घेऊन गेलो, बापाच्या चाकाची हकीकत सांगितली. त्यांनी हात धुतले, कोरडे केले आणि दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी उघडली. त्यांच्या पानावर लव्हाळा, ओढा, लिंब, उतार. तोच लिंब, त्याच फांद्या. उतार मोकळा. खोली नाही, शेळी नाही.

मी म्हणालो, "माझ्या प्रतीत कुणीतरी नंतर हातानं काढलं असेल."

त्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. "न्हाई मास्तर. शाईची दाणेदार खूण बघा. वरून काढलेलं न्हाई, छपाईच हाय."

"मग छापता-छापता दगडावर घर वाढवलं असेल."

"वाढवलं म्हणू. पण तुमच्या वालिदसाहेबांचं चाक त्याला कुणी दाखवलं?" त्यांनी चष्मा काढला. "आगे का मेरेकू नै मालूम, मास्तर. चहा घ्या."

परतीच्या गाडीत एकच विचार... मायला काय सांगायचं? मी कुठं गेलोय हे तिला माहीत होतं, ती विचारणारच. खोटं बोलणार नाही, हीपण एक प्रतिज्ञाच आहे. आणि खरं सांगितलं तर तिची झोप जाणार. दहा वर्षांनी मिळालेली. गाडी परभणीला कधी लागली कळलं नाही.

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांच्या बुकात बी हाय का आपलं घर?"

"न्हाई," मी म्हणालो. शिक्षा ऐकायला उभं राहावं तसा उभा होतो.

"त्यांच्या बुकात कशाला राहील?" भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली. "त्यांची शेळी थोडीच व्हती ती. हात धू, जेवायला बस."

माय जाऊन दोन वर्षं झाली. यंदा विद्यापीठाला नाव मिळालं, वस्तीत पेढे वाटले, तेव्हा ती नव्हती. शेवटच्या दुखण्यात तिनं पुष्कळ काही विचारलं, नातीच्या परीक्षेपासून नळाच्या पाण्यापर्यंत. कबरीचं नाव एकदाही निघालं नाही.

ते पान माझ्याकडे आहे. घर आहे, शेळी आहे. ते तिथं कसं आलं, मला माहीत नाही. मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, आणि हे सगळं कुठल्या खात्यात टाकायचं तेही कळत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे पटण्यासारखं कारण असेल, तर हात जोडून विनंती आहे, मला कळवू नका. ते मला पटलं, तर कबरी पुन्हा त्या खुंट्याला बांधली जाईल.