मागच्या पडवीतलं बोलणं

हे लिहावं की नाही यावर अनुजाशी, म्हणजे माझ्या बायकोशी, बरेच दिवस वाद घातला. शेवटी तीच म्हणाली, "लिही. पण जेवढं ऐकलं तेवढंच लिही. मसाला नको." म्हणून आधीच सांगतो... यात पांढरी साडी नाही, रडण्याचे आवाज नाहीत, आणि कुणाला काही इजाही झाली नाही. मी भोसरीत मोजमापाची उपकरणं कॅलिब्रेट करतो. काटा चुकीचं दाखवत असेल तर त्याला कारण असतं. ते शोधायचं आणि दुरुस्त करायचं, आयुष्यभर हेच केलं. भूतखेत, बाहेरचं, असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण गेल्या मे महिन्यात जे घडलं त्याचं कारण मला सापडलेलं नाही, एवढं खरं. (नावं बदलली आहेत.)

माझे वडील, तात्या, एस.टी.त कंडक्टर होते. माणूस बोलका म्हणजे किती, तर रिटायर झाल्यावर हडपसरच्या भाजी मंडईत ते अर्धा तास उगाच उभे राहून लोकांशी गप्पा मारायचे आणि कोथिंबीर विसरून घरी यायचे. आदल्या वर्षी त्यांना स्ट्रोक आला. उजवा हात बराचसा सुधारला, चालणं काठीच्या आधारानं जमायला लागलं, पण बोलणं गेलं. अफेजिया. समोरच्याचं सगळं कळतं, पेपरातल्या बातमीवर कपाळाला आठ्या पडतात, पण तोंडातून निघतं फक्त "ता... ता..." स्पीच थेरपिस्टनं चित्रांची कार्डं दिली होती. केळं, कप, छत्री. रोज संध्याकाळी मी एकेक कार्ड धरायचो आणि तात्या माझ्याकडे बघत राहायचे. कधी प्रयत्न करायचे, कधी खिडकीकडे तोंड फिरवायचे. माझं नावसुद्धा मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं तेव्हापासून.

उन्हाळ्यात त्यांना जरा बाहेर न्यायचं ठरलं. हॉटेल नको होतं. लिफ्ट, अनोळखी वेटर, बुफेची रांग, त्यांना ते सगळं अवघड जातं. जुनं, शांत, बैठं घर हवं होतं. मी आणि अनुजा टॅबवर बघत बसलो. कोकणातलं एक जांभ्या दगडाचं घर मला फार आवडलं होतं. मागे माड, समोर समुद्र. जवळजवळ नक्की झालंच होतं ते. वाईकडचंही एक बघितलं, पण त्याला पायऱ्या फार. आणि तिसरं अनुजानं सहज उघडलं : इंदापूर तालुक्यात, लासुर्णे आणि निरवांगीच्या मध्ये, इंग्रजांच्या काळात कालव्याचं काम चालू असताना कुणा साहेबासाठी बांधलेला दगडी बंगला. काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, कौलं, पुढे-मागे रुंद पडवी. नंतर तो हात बदलत बदलत एका ऊसवाल्या कुटुंबाकडे आला, आणि त्यांच्या सुनेनं, कल्पनाताईंनी, तो डागडुजी करून पाहुण्यांसाठी खुला केला होता.

मी म्हटलं, "मे महिन्यात इंदापूर? लोक तिथून थंड हवेला पळतात."

तेवढ्यात शेजारी बसलेल्या तात्यांनी टॅबवर पंजा ठेवला. मागच्या पडवीचा फोटो होता. मी टॅब ओढून घ्यायला लागलो तर सोडेनात.

आता यात गूढ काही नाही. तात्या मूळचे निरवांगीचे. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. पुढे मेंढरं विकली, जमिनीचा तुकडाही गेला, आणि तात्या विशीच्या आत पुण्यात आले ते आलेच. तिथं आता आमचं कुणी नाही. मी लहानपणी एकदाच गेलो होतो, कुणाच्या तरी लग्नाला. अनुजा म्हणाली, "समुद्र आपल्याला हवाय. त्यांना हे हवंय. त्यांनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंय." कोकण रद्द झालं.

बारामती ओलांडून इंदापूर रस्त्याला लागलो तेव्हा तात्या झोपलेलेच होते. लासुर्ण्यापासून आत वळलो. दोन्हीकडे ऊस तुटून गेलेला, त्याच मुळांवर फुटलेला खोडवा जेमतेम गुडघ्याएवढा. कल्पनाताई फाटकाशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, डोक्यावर टॉवेल, स्कूटरवरून आलेल्या. तात्या निरवांगीचे म्हटल्यावर खूश झाल्या.

"मंग हे घरचंच हाय की तात्या तुमचं," त्या म्हणाल्या. "आमी रस्त्याच्या पलीकडं वस्तीवर ऱ्हातो. काय लागलं तर फोन करा. रेंज हितं पुढच्या पडवीतच येती, मागं न्हाय."

बंगला फोटोपेक्षा साधा होता आणि चांगला होता. आत शिरताच ऊन जणू बाहेर राहिलं. मागच्या पडवीत लांब हातांची एक आरामखुर्ची आणि समोर लाकडी बाक. तात्या जाऊन खुर्चीत बसले ते जेवायलाही उठेनात.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. मी पुढच्या पडवीत फोनवर ऑफिसचं काहीतरी निस्तरत होतो. घरातून बोलण्याचा आवाज येत होता. एक बाई आणि एक पुरुष. बाईचा आवाज वयस्क नाही, तरुणही नाही. वाटलं, कल्पनाताई घरातल्या कुणाला तरी घेऊन आल्या असतील. मी फोनवर बोलतच राहिलो. मग पुरुषाचा आवाज नीट कानावर आला.

"बस की जरा. उनाची कुटं निगालीस?"

माझा फोन कानालाच राहिला. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता. तो आवाज तात्यांचा होता. अडखळणं नाही, ओढाताण नाही. आणि बोली आमच्या घरातली नव्हती. तात्या घरी, गाडीत, सगळीकडे शहरातलंच बोलायचे. ही भाषा त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकली नव्हती.

मी धावलो. मागचं दार उघडंच होतं. तात्या एकटे, खुर्चीत. समोरचा बाक रिकामा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि कुणी बोलण्यात व्यत्यय आणल्यावर माणसाचा होतो तसा चेहरा केला.

"तात्या, तुम्ही बोललात? काय म्हणालात? परत म्हणा."

"ता... ता..." ते म्हणाले आणि हात झटकला.

मी पडवीतून उतरून दोन्ही बाजूंना पाहिलं. मागे सपाट रान. लपायला झाडसुद्धा नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून अनुजा ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये चार कप होते.

"कल्पनाताई गेल्या?" तिनं विचारलं. "मी त्यांचाही चहा टाकला."

कल्पनाताई सकाळपासून इंदापूरला होत्या, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. अनुजानं बाईचे शब्दही ऐकले होते, सगळे नाही; भांड्यांच्या आवाजात तात्यांचं बोलणं मात्र तिला ऐकू आलं नव्हतं. स्वयंपाकघराची खिडकी पडवीत उघडते. "पाणी प्यालास का?" असं काहीतरी, आणि मग हसून, "मी काय, हितंच असती." अनुजा म्हणाली, ओळखीचं माणूस ओळखीच्याशी बोलतं तसा सूर होता. त्यामुळे तिला डोकावून बघावंसंही वाटलं नाही.

त्या रात्री मी काय काय कारणं शोधली नसतील. रेडिओ, लांबून कुणाचा फोन, जाड भिंतींमुळे फिरून येणारा आवाज. तात्यांचं बोलणं कदाचित मेंदूचं असेल. पुढे थेरपिस्टनंही तेच सांगितलं की अशा पेशंटच्या तोंडून कधीकधी जुनी, पाठ झालेली वाक्यं सहज निघतात. ठीक. तात्यांचं झालं. पण बाईचं काय?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतःच मागच्या बाकावर जाऊन बसलो. ऐकायचंच म्हणून. तात्या खुर्चीत. ते माझ्याकडे बघेनात, मग बघायला लागले, मग काठी उचलून तिचं टोक माझ्या गुडघ्याला लावलं आणि घराकडे दाखवलं. जा. मी हललो नाही. दुपार तशीच गेली. कुणी आलं नाही. संध्याकाळी तात्यांनी जेवायला नकार दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

अनुजा मला पुढच्या पडवीत घेऊन आली. "विजय, तुला काय हवंय? ती कोण आहे ते कळायला हवंय, की तात्यांनी बोलायला हवंय?"

"दोन्ही."

"दोन्ही मिळत नाहीये, बघितलंस ना."

"आणि त्यांना काही झालं तर? आपण त्यांना कशाबरोबर एकटं सोडतोय तेच माहीत नाही."

ती पडवीच्या कडेला बसली. मग म्हणाली, "पाणी प्यालास का, असं विचारत होती रे ती."

मला खरंच भीती वाटत होती, हे कबूल करतो. तरी चौथ्या दिवशी मी जेवणानंतर तात्यांना मागे बसवलं, तांब्या-भांडं हाताशी ठेवलं आणि आत आलो. दार पूर्ण लावलं नाही. मधल्या खोलीत जमिनीवर बसलो, भिंतीला टेकून.

बराच वेळ नुसता होला पक्षी घुमत होता. मग तात्यांचा आवाज आला. मेंढरांचं काही, पाऊस लांबल्याचं काही, एस.टी.तल्या कुणा म्हातारीनं कोंबडीचं तिकीट काढायला नकार दिला तो किस्सा. हा किस्सा मी शंभर वेळा ऐकलेला, पण या बोलीत कधीच नाही. मध्ये मध्ये ती हसत होती. तिचे शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हते, सूर पोचत होता. मग तात्या म्हणाले,

"दिवसभर कार्डं दावतो. केळं म्हणा, कप म्हणा. मला काय केळं ठाव न्हाय व्हय?"

ती काहीतरी म्हणाली.

"न्हाय, न्हाय. विजय लई जपतो मला. भ्याला हाय पोरगा, दुसरं काय न्हाय."

मी भिंतीला टेकून तोंडावर हात दाबून बसलो होतो. अनुजा येऊन शेजारी बसली. आम्ही दोघांनी ऐकलं ते. माझं नाव, त्यांच्या आवाजात.

आम्ही मुक्काम वाढवला. रोज दुपारी तसंच. फोनवर रेकॉर्ड करावं असं एकदा मनात आलं, फोन हातात घेतलाही, आणि तसाच खाली ठेवला. का, ते विचारू नका. कुणाच्या घरात चोरून शिरल्यासारखं वाटलं. कल्पनाताईंना मात्र मी विचारलं, की मागच्या पडवीत कधी कुणाला काही जाणवलंय का.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "न्हाय ओ. माझी पोरं परीक्षेचा अभ्यास तितंच करत्यात. सासरे तर दुपारचं तितंच झोपायचं. काय दिसलं का तुमाला?"

"दिसलं काही नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

निघायच्या दिवशी तात्या स्वतः उठून गाडीपर्यंत आले. मागे वळून बघितलं नाही. गाडीत शांत होते, चेहऱ्यावर तरतरी होती, बारामतीत थांबून उसाचा रस मागून प्यायले... मागून म्हणजे, बोट दाखवून. पुण्यात आल्यावर परत "ता... ता..." तेवढंच. पडवीतला एकही शब्द घरी आला नाही. कार्डं मी थेरपिस्टना परत केली. आता संध्याकाळी आम्ही पत्ते खेळतो, आणि दिवसभरात काय झालं ते मी त्यांना सांगतो.

ती कोण असेल याचा विचार मी सोडलेला नाही. ती माझी गेलेली आई नव्हती. आईचा आवाज मी ओळखला असता, शिवाय ती साताऱ्याकडची, तिची बोली वेगळी. घरातल्या जुन्या फोटोंमधल्या सगळ्या बायका मी तात्यांना एकेक करून दाखवल्या. आजी, थोरली आत्या, चुलत्या. प्रत्येक फोटोला त्यांनी मान हलवली. नाही. मला वाईट वाटायचं. वाटायचं, ज्या एकाच माणसाला सगळं ठाऊक आहे त्यालाच सांगता येत नाही. केवढी कोंडी होत असेल त्यांची.

मग या हिवाळ्यात एकदा आम्ही तिघं मटार सोलत बसलो होतो. अनुजानं सहज, खालच्या आवाजात विचारलं, "तात्या, ती कोण होती हो? तुम्हाला माहीत आहे ना?"

तात्यांनी मान डोलावली. हो.

"मग खुणेनं तरी सांगा. नात्यातली होती? गावातली?"

त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळे मिचकावले असं म्हणणार नाही, पण जवळपास तसंच. मग डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं, हसले, आणि पुढची शेंग उचलली.

त्यांना सांगता येत नव्हतं असं नाही. सांगायचं नव्हतं.

थेरपिस्टचं म्हणणं मला मान्य आहे. भिंतीतून फिरणाऱ्या आवाजाचंही कुणी पटवून दिलं तर ऐकेन. पण त्या दुपारी अनुजानं चौथा कप कुणासाठी भरला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे ते आत्ता आतल्या खोलीत घोरत पडलेत.