ट्रेनिंग झालेल्या बाई

चारुलताबाई मूळच्या दुर्गच्या, नोकरी भिलाईच्या शाळेत. कारखाना उभा राहत होता, रोज नवी बिऱ्हाडं येत होती आणि शाळेत पोरं मावत नव्हती. एकसष्टच्या उन्हाळ्यात बाईंना मुलांच्या मनाविषयीच्या शिबिराला नागपूरला धाडलं. वरून आदेश आला होता, हेडमास्तर अच्युतरावांना कुणाला तरी धाडणं भाग होतं, एवढंच.

बाई मात्र जीव लावून शिकल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे वर्गातली गुलाब होती. आई गेल्यापासून ही पोर कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. तिचा बाप जानराव भंडाऱ्याकडून आलेला, कारखान्यात फिटर. "जयभीम, बाई," म्हणून तो दारातच उभा राहायचा. "घरीबी नाही बोलत. तुमी काही करता काय?"

बाई करणार होत्या. मारायचं नाही, 'बोल बोल' म्हणून मागे लागायचं नाही, शांतपणे जवळ बसवायचं, असं शिबिरात सांगितलं होतं. शांतपणे! आमच्या अच्युतरावांच्या राज्यात?

शाळा उघडली आणि तोतरा, रडका, चावरा, जो जो कुणाला नकोसा तो तो बाईंच्या वर्गात येऊन पडला. बाई भांडायला गेल्या.

"कावून चिडता? ट्रेनिंग तुमचं झालं ना?" अच्युतराव पान चघळत म्हणाले. "जिसका काम उसी को साजे."

ज्यांना खरं तर त्या शिबिराला धाडायला हवं होतं, ते शामराव गुरुजी शेजारच्या वर्गात छडी घेऊन मजेत होते. त्यांची त्रासदायक पोरं बाईंकडे आली होती, उरलेली तोंडातून ब्र काढत नव्हती.

"हात दाखवून अवलक्षण झालं हे!" बाई धुसफुसत. तरी गुलाबला त्या रोज आपल्या टेबलाशी बसवत. ती पाटीवर नुसत्या रेघा ओढायची. दिवाळी आली नि गेली.

एका दुपारी बाई दोन पोरांची झोंबाझोंबी सोडवत असताना कुणीतरी त्यांचा पदर ओढला. त्या खेकसणारच होत्या. वळून पाहतात तर गुलाब, आणि तिचे ओठ हलताहेत! बाई चटकन खाली बसल्या, कान तिच्या तोंडाशी नेला.

"बाई, मले तिकडच्या वर्गात बसवा. इथं लय गलका हाये."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आनंद झाला, आणि संतापही असा की अच्युतरावांचा पानाचा डबा भिरकावून द्यावा. तिकडे म्हणजे शामराव गुरुजींकडे, छडीखाली. गुलाब बाईंच्या तोंडाकडे बघत उभी होती. इतक्या महिन्यांनी पोरीनं तोंड उघडून काही मागितलं होतं, आणि बाईंना नाही म्हणावं लागलं.